उशीर निकालाला झाला की आपल्याला?

गेल्या अंकात वैद्यकीय परिषदेसाठी गोषवारा, म्हणजे आपण सगळे ज्याला अ‍ॅबस्ट्रॅक्टच म्हणतो तो, कसा लिहावा हे सांगितलं होतं. त्यात ‘लेट ब्रेकिंग’, म्हणजे मुदतीनंतर हाती आलेल्या निकालांसाठीची खास सोय, हा शब्द एकदाच ओझरता आला होता. पण पत्रं आली ती बहुतेक त्याच शब्दावर. मिरजेत मी अठ्ठावीस वर्षं मेडिसिन शिकवलं आणि या एका शब्दावरून कितीतरी चांगल्या मुलांचा घोटाळा होताना पाहिला आहे. म्हणून या वेळचं सदर सगळं त्यालाच दिलं आहे. पत्रं थोडी आटोपशीर केली आहेत.

मॅडम, मी मेडिसिनच्या तिसऱ्या वर्षाला आहे. थिसिसचा विषय आहे सर्पदंशानंतर होणारी किडनीची इजा. डेटा मार्चमध्येच पूर्ण झाला. एका मोठ्या परदेशी परिषदेची मुदत जूनमध्ये होती, पण तेव्हा माझी आयसीयूची पोस्टिंग होती, लिहायचं राहून गेलं. आता त्याच परिषदेचं लेट ब्रेकिंगचं पोर्टल उघडलं आहे. सिनिअर म्हणतात, टाकून दे, कोण बघतंय. टाकू का? (निवासी डॉक्टर, मिरज)

नको टाकूस. तुला ‘तू’च म्हणते, माझे विद्यार्थी तुझ्याच वयाचे असायचे.

लेट ब्रेकिंग म्हणजे चुकलेल्या एसटीच्या मागून येणारी दुसरी एसटी नव्हे. नेहमीची मुदत संपली त्या दिवशी ज्या अभ्यासाचा निकाल जगात कुणाच्याच हातात नव्हता, अगदी तो अभ्यास करणाऱ्यांच्याही, त्याच्यासाठी ठेवलेली ती जागा आहे. तुझा निकाल मार्चमध्ये तुझ्या लॅपटॉपवर होता. जूनमध्ये उशीर तुला झाला, निकालाला नाही. पुष्कळ परिषदांच्या अर्जात सरळ विचारलेलं असतं की नेहमीच्या मुदतीत का पाठवलं नाही. तिथे तू काय लिहिणार? ‘पोस्टिंग होती’ हे खरं आहे, पण ते उत्तर चालत नाही. आणि चालेल असं उत्तर लिहायचं तर खोटं लिहावं लागेल. तुझ्या नावावरची पहिली शास्त्रीय नोंद खोट्याने सुरू होऊ नये असं मला मनापासून वाटतं.

हा नियम किती काटेकोर असतो ते कर्करोगवाल्यांकडे बघ. अमेरिकन सोसायटी ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी, म्हणजे आस्को, हिचं वार्षिक अधिवेशन शिकागोला मे महिन्याच्या अखेरीस किंवा जूनच्या सुरुवातीला भरतं. तिथे लेट ब्रेकिंगमध्ये जायचं असेल तर नेहमीच्या मुदतीतच, हिवाळ्यात, एक जागा धरून ठेवणारा गोषवारा द्यावा लागतो. अभ्यासाची रचना, उद्देश, रुग्ण किती, हे सगळं त्यात येतं, फक्त निकालाची जागा रिकामी असते. निकाल आला की नंतर तो भरायचा. म्हणजे उशिराची परवानगीसुद्धा वेळेत मागावी लागते. युरोपियन सोसायटी ऑफ कार्डिऑलॉजीच्या ऑगस्टअखेरच्या अधिवेशनात ‘हॉट लाइन’ नावाची सत्रं असतात, तिथेही ज्यांच्यामुळे उपचार बदलू शकतात अशाच मोठ्या चाचण्या येतात. यामागचं कारण साधं आहे. एखाद्या औषधाने माणसं वाचतात हे आज कळलं आणि केवळ अर्जाची तारीख उलटली म्हणून ते वर्षभर कपाटात राहिलं, तर त्या वर्षात किती रुग्णांना ते मिळणार नाही याचा विचार कर. ते दार त्यांच्यासाठी उघडं ठेवलेलं आहे.

तुझं काम कमी मोलाचं आहे असं मी म्हणत नाही, हे नीट लक्षात घे. घोणशीच्या दंशानंतर लघवी बंद झालेला ऊसतोड मजूर ज्या वॉर्डात येतो, तिथे बसून तू हे आकडे जमवले आहेस. शिकागोतल्या माणसाला ते जमणार नाहीत. पण हा निरीक्षणात्मक अभ्यास आहे, त्याची जागा नेहमीच्या सत्रात आहे. पुढच्या मुदतीची तारीख आजच लिहून ठेव. मधल्या काळात आपल्या संघटनेच्या राज्य शाखेच्या परिषदेला पोस्टर दे आणि सविस्तर लेखाला हात घाल.

आता तुझ्या मसुद्याबद्दल. पत्रासोबत जोडलेल्या गोषवाऱ्यात ‘निकाल’ या मथळ्याखाली तू लिहिलं आहेस: ‘सर्पदंशाच्या रुग्णांमध्ये किडनीची इजा लक्षणीय प्रमाणात आढळली, सविस्तर निष्कर्ष परिषदेत मांडले जातील.’ हे वाक्य काढून टाक. परीक्षक दिवसाला शेकड्याने गोषवारे वाचतात, असं वाक्य दिसलं की ते पुढे सरकतात. ‘लक्षणीय’ म्हणजे किती? एकूण किती रुग्ण, त्यातल्या किती जणांना इजा, इजा कशाला म्हटलं हे लिही. २०१२ च्या केडिगो या आंतरराष्ट्रीय किडनी गटाच्या व्याख्येप्रमाणे रक्तातलं क्रिएटिनिन ४८ तासांत ०.३ मिलिग्रॅमने (दर डेसिलिटरला) वाढलं, किंवा सात दिवसांत दीडपट झालं, की इजा धरतात. तू तीच धरली आहेस का? दंशापासून पहिल्या प्रतिविष लसीपर्यंत किती तास गेले? डायलिसिस किती जणांना लागलं, घरी किती गेले, किती गेले नाहीत? हे सगळं अडीचशे शब्दांत बसतं. बसत नसेल तर प्रस्तावनेतलं ‘सर्पदंश ही भारतातील एक गंभीर समस्या आहे’ हे पहिलं वाक्य काढ, जागा होईल. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत घातलं आहे. समस्या गंभीर आहे हे परीक्षकाला ठाऊक असतं. त्याला तुझ्या वॉर्डातलं काय ते हवं असतं.

अर्जावर ‘रात्री ११:५९, ईस्टर्न टाइम’ असं लिहिलंय. म्हणजे आपल्याकडे नक्की कधी? मागच्या वेळी एका दिवसाचा घोळ झाला. (फिजिशियन, तासगाव)

अमेरिकेत उन्हाळी वेळ चालू असेल तर आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी ९:२९. हिवाळ्यात १०:२९. पॅसिफिक टाइम म्हटलं असेल तर उन्हाळ्यात दुपारी १२:२९ आणि हिवाळ्यात १:२९. युरोपची मध्य वेळ असेल तर मात्र सावध राहा: उन्हाळ्यात पहाटे ३:२९, हिवाळ्यात ४:२९. तिथे सकाळी उठून पाठवू म्हटलं तर दार बंद झालेलं असतं. काही परिषदा ‘एनीव्हेअर ऑन अर्थ’ म्हणतात, ती मुदत आपल्याकडे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ५:२९ ला संपते.

पण डॉक्टर, ही गणितं भिंतीवर लावा आणि पाठवा मात्र दोन दिवस आधी. प्रत्येक सहलेखकाला आपलं आर्थिक हितसंबंधांचं निवेदन स्वतः भरावं लागतं, आणि एखादा सहलेखक नेमका लग्नाला गेलेला असतो. वळवाच्या पावसात वीज गेली की काय होतं ते तासगावात मी वेगळं सांगायला नको.

आम्ही तीन रुग्णालयांनी मिळून एक यादृच्छिक (रुग्ण चिठ्ठ्या टाकल्यासारखे गटांत वाटून केलेली) चाचणी केली आहे. शेवटच्या रुग्णाची नव्वद दिवसांची फेरतपासणी लेट ब्रेकिंगची मुदत संपल्यावर अकरा दिवसांनी येते. आतापर्यंतचा डेटा उघडून गोषवारा पाठवला आणि मग आकडे सुधारले तर चालेल का? आणि परिषदेत आधी मांडलं तर जर्नल लेख नाकारतं, हे खरं का? (प्राध्यापक, कराड)

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे, ते आधी देते. नाकारत नाही. न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनचे संपादक फ्रान्झ इंगेलफिंगर यांनी १९६९ साली नियम केला की आधी दुसरीकडे छापलेलं आम्ही छापणार नाही, आणि ती भीती तेव्हापासून आपल्या मनात बसली आहे. पण परिषदेतला गोषवारा किंवा पोस्टर याला पूर्वप्रसिद्धी धरत नाहीत. वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या शिफारशींतही तसं स्पष्ट म्हटलं आहे. परिषदेआधी पत्रकारांना आकडे देऊ नका, सत्राची बंधनमुदत, म्हणजे निकाल आधी न फोडण्याची अट, पाळा आणि लेख पाठवताना संपादकांना परिषदेबद्दल कळवा, एवढं पुरे.

पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर आहे: उघडू नका. अकरा दिवस राहिले आहेत म्हणून कुलूप काढायचं, हे मला पटत नाही. कोणता रुग्ण कोणत्या गटातला हे एकदा कळलं की उरलेल्या रुग्णांकडे बघायची नजर बदलते. आपण कितीही प्रामाणिक असलो तरी बदलते. फेरतपासणीला न आलेल्या एका रुग्णाला तीनदा फोन केला जातो आणि दुसऱ्याला एकदाच. चाचणीच्या आराखड्यात मधला आढावा आधीच लिहिलेला असेल आणि तो स्वतंत्र समिती घेणार असेल तर गोष्ट वेगळी, पण ती सोय रुग्णांच्या सुरक्षिततेसाठी असते. परिषदेच्या तारखेसाठी ती वापरू नये. त्याऐवजी परिषदेच्या कार्यालयाला आजच मेल करा. अंतिम आकडे नंतर भरण्याची सोय काही परिषदा देतात, काही देत नाहीत. देत नसतील तर पुढची परिषद गाठा. चाचणीची सीटीआरआयवरची, म्हणजे देशातल्या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतली, नोंद आणि गोषवाऱ्यातला मुख्य निकष एकच आहे ना तेही ताडून घ्या. १ एप्रिल २०१८ पासून पहिला रुग्ण घेण्याआधीच नोंद लागते, त्यामुळे परीक्षक तो क्रमांक टाकून दोन मिनिटांत पडताळतात. नोंदीत ‘नव्वद दिवसांतील मृत्यू’ आणि गोषवाऱ्यात ‘रुग्णालयातील दिवस’ असं दिसलं की विश्वास संपतो.

हे मी इतकं ठासून का सांगते आहे त्याला कारण आहे. आमच्या विभागात सर्पदंशाच्या रुग्णांची नोंद ठेवायचं काम मी बरीच वर्षं केलं. एका वर्षी दुसऱ्या रुग्णालयाचे आकडे जोडून आम्ही एका परिषदेला लेट ब्रेकिंगमध्ये गोषवारा पाठवला. त्यांचे आकडे मुदतीच्या आठवड्यातच हाती आले होते, त्यामुळे नियमात बसत होतं. रात्री जागून दोन याद्या एक केल्या आणि पाठवून दिलं. चार दिवसांनी पोस्टरसाठी तक्ते करायला बसलो. माझा ज्युनिअर मोठ्याने वाचत होता आणि मी टिकमार्क करत होते. ‘पुरुष, पस्तीस, शिराळा, डावी टाच.’ पुढे दोन पानांनी: ‘पुरुष, छत्तीस, बत्तीस शिराळा, डावा पाय.’ दाखल झाल्याची तारीख तीच, वेळेत सहा तासांचं अंतर. मी त्याला थांबवलं आणि दोन्ही केस पेपर मागवले. एकाला ग्रामीण रुग्णालयाची रेफरची चिठ्ठी पिनने लावलेली होती, तिच्यावर लसीच्या किती कुप्या दिल्या ते निळ्या शाईत लिहिलं होतं. दुसऱ्यात त्याच चिठ्ठीची झेरॉक्स होती. माणूस एकच. आधी एका रुग्णालयात आला, डायलिसिससाठी दुसऱ्याकडे गेला, आणि आमच्या यादीत दोन माणसं झाला. मग त्याच नजरेने सगळी यादी पुन्हा चाळली, तसे आणखी सहा सापडले.

सात जण म्हणजे फार नव्हेत असं तेव्हा एक सहकारी म्हणाले. पण ते सातही जण सर्वांत अत्यवस्थ होते. रेफर होतात ते तेच. म्हणजे आमची टक्केवारी नेमकी जिथे महत्त्वाची होती तिथेच फुगलेली होती. मी त्याच रात्री गोषवारा मागे घेत असल्याचं पत्र लिहिलं, कारण स्पष्ट सांगितलं आणि सगळ्या सहलेखकांना प्रत पाठवली. परिषदेकडून दोन ओळींचं उत्तर आलं, कळवल्याबद्दल आभार म्हणून. दुसऱ्या वर्षी दुरुस्त आकडे नेहमीच्या सत्रात मांडले. तिथे एका माणसाने विचारलेला पहिलाच प्रश्न होता, रेफर झालेले रुग्ण दोनदा मोजले गेले नाहीत हे कसं पाहिलंत? मला तेव्हा उत्तर देता आलं.

तुमच्याकडे तर तीन रुग्णालयं आहेत. सातारा, कराड, सांगली, मिरज या पट्ट्यात रुग्ण कसा फिरतो ते तुम्हाला माहीत आहे. डेटा बंद करण्याआधी नाव, वय, गाव आणि तारीख यांवर एकदा हाताने मेळ घाला. यंत्राला ‘शिराळा’ आणि ‘बत्तीस शिराळा’ ही दोन गावं वाटतात.

मला रोज मेल येतात: ‘आदरणीय डॉक्टर, आपलं संशोधन वाचून आम्ही भारावलो, लेट ब्रेकिंग गोषवाऱ्याची मुदत खास आपल्यासाठी वाढवली आहे.’ मी एकदाच एक केस रिपोर्ट छापला होता. जावं का? (स्त्रीरोगतज्ज्ञ, सातारा)

जाऊ नका, पैसेही भरू नका. खरी परिषद एका माणसासाठी मुदत वाढवत नाही. हृदयरोग, दंतवैद्यक, नर्सिंग आणि पशुवैद्यक एकाच हॉटेलच्या एकाच दालनात असेल, गोषवारा दोन दिवसांत ‘स्वीकारला’ गेला असेल आणि स्वीकृतीच्या पत्रातच शुल्क भरायची लिंक असेल, तर तो फक्त पैशाचा व्यवहार आहे. आयोजक संस्था कोणती, तिचे सदस्य कोण, मागच्या वर्षीचे गोषवारे कुठे छापले, हे तिन्ही मिळालं नाही तर मेल काढून टाका. तुमच्या विषयाची राष्ट्रीय संघटना आहे, तिच्या परिषदेला जा.

वर्तमानपत्रात वाचलं की युरोपातल्या हृदयरोग परिषदेत नव्या औषधाचा ‘ताजा’ निकाल जाहीर झाला. आमच्या आबांना दोन वर्षांपूर्वी अटॅक येऊन गेला, ते जुनीच गोळी घेतात. ती बंद करून नवी सुरू करावी का? (शिक्षिका, वाई)

आबांची गोळी अजिबात बंद करू नका. हे पहिलं. अटॅकनंतरची गोळी मनाने बंद केल्यामुळे पुन्हा दाखल झालेली माणसं मी पाहिली आहेत.

आता तो ‘ताजा निकाल’ म्हणजे काय ते सांगते, कारण तुमच्यासारख्या वाचकांपर्यंत बातमी पोचते पण ती कुठून आली ते पोचत नाही. परिषदेत निकाल मांडतात तेव्हा साधारण दहा मिनिटं मिळतात. सगळे तक्ते, सगळे दुष्परिणाम, कोण रुग्ण घेतले आणि कोण वगळले, हे त्यात मावत नाही. मोठ्या चाचण्यांचा सविस्तर लेख पुष्कळदा त्याच दिवशी जर्नलमध्ये येतो, तेव्हा तपासायला सोपं जातं. पण सगळ्यांचं तसं होत नाही. वैद्यकीय अभ्यासांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१८ च्या आढाव्यात तीन लाखांहून अधिक गोषवाऱ्यांचा पाठपुरावा केला होता. त्यातले सुमारे ३७ टक्केच पुढे पूर्ण लेख म्हणून छापले गेले. उरलेल्यांचं काय झालं ते रुग्णाला कधीच कळत नाही.

घाई कधी उपयोगी पडते आणि कधी घात करते, दोन्हीची उदाहरणं देते. कोविडच्या पहिल्या लाटेत, १६ जून २०२० ला, ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीने जाहीर केलं की डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने अत्यवस्थ रुग्ण वाचतात. आठवड्याभरात सविस्तर मसुदा सगळ्यांसाठी खुला झाला, जुलैमध्ये तो जर्नलमध्ये आला. अठ्ठावीस दिवसांत औषध दिलेल्या २,१०४ पैकी ४८२ दगावले, न दिलेल्या ४,३२१ पैकी १,११०. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत फरक सर्वांत मोठा होता, आणि ज्यांना ऑक्सिजनच लागत नव्हता त्यांना फायदा दिसला नाही. ही शेवटची ओळ किती महत्त्वाची होती ते आपण नंतर पाहिलं. आपल्या गावागावांत साध्या तापालाही स्टेरॉइड दिलं गेलं, कारण लोकांनी बातमीचा मथळा वाचला आणि तक्ता वाचला नाही.

दुसरं उदाहरण १९९९ चं. आस्कोच्या अधिवेशनात दक्षिण आफ्रिकेच्या वर्नर बेझवोडा यांनी सांगितलं की स्तनाच्या कर्करोगात केमोथेरपीचे फार मोठे डोस देऊन नंतर रक्त तयार करणाऱ्या मूळपेशींचं रोपण केलं तर बायका जास्त जगतात. त्याच अधिवेशनात मांडलेल्या दुसऱ्या मोठ्या अभ्यासांत असा फायदा दिसला नव्हता. पण आशा असलेल्या घरांनी कोणता निकाल धरला असेल ते तुम्ही समजू शकता. २००० च्या सुरुवातीला अमेरिकेतलं पथक जोहान्सबर्गला जाऊन मूळ कागद बघू लागलं. पुष्कळ रुग्णांचे कागदच सापडले नाहीत, जे सापडले ते सांगितलेल्याशी जुळत नव्हते. बेझवोडांनी गैरप्रकार कबूल केला. तो उपचार अतिशय खडतर आहे, त्यात जीवही जातो. परिषदेतली टाळी ऐकून तो कुणी घेतला असेल, या विचाराने मला आजही अस्वस्थ वाटतं.

तेव्हा बातमीचं कात्रण आबांच्या फाइलमध्ये ठेवा आणि पुढच्या तपासणीला डॉक्टरांना दाखवा. तीन गोष्टी विचारा. चाचणीत आबांच्या वयाची आणि त्यांच्यासारखा अटॅक येऊन गेलेली माणसं होती का? नवं औषध जुन्याच्या जागी दिलं होतं की जुन्याच्या जोडीला? आणि पूर्ण लेख आला आहे का? चांगले डॉक्टर या प्रश्नांना वैतागत नाहीत.

मी शिराळा तालुक्यात बावीस वर्षं प्रॅक्टिस करतो. विंचूदंश आणि सर्पदंशाचे सगळे रुग्ण मी वहीत लिहून ठेवले आहेत. ना कॉलेज, ना गाइड. लेट ब्रेकिंग तर सोडाच, माझ्यासारख्याने साधा गोषवारा पाठवला तर कुणी वाचेल का? (जनरल प्रॅक्टिशनर)

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, आणि सदराचा शेवट यानेच करायचा हे तेव्हाच ठरवलं.

वाचतील. डॉ. हिंमतराव बावस्कर यांचं काम तुम्हाला माहीत असेलच. रायगड जिल्ह्यात, बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि पुढे महाडला, लाल विंचवाच्या दंशाने हृदय निकामी होऊन लेकरं मरत होती. ते रुग्णाजवळ रात्र रात्र बसून नाडी, रक्तदाब आणि घाम यांच्या नोंदी करत राहिले. त्या नोंदींतून प्राझोसिन या साध्या गोळीचा उपयोग पुढे आला. २०११ साली डॉ. प्रमोदिनी बावस्करांसोबत केलेली त्यांची चाचणी ब्रिटिश मेडिकल जर्नलने छापली. रुग्ण सत्तर, दोन्ही गटांत पस्तीस पस्तीस. प्राझोसिनच्या जोडीला विंचवाची लस दिलेल्यांपैकी ३२ जण दहा तासांत पूर्ण बरे झाले, नुसत्या प्राझोसिनवर ८ जण. यासाठी मोठं कॉलेज लागलं नव्हतं. रुग्ण समोर होता, वही होती आणि प्रश्न नेमका होता.

तुमच्या कामाला लेट ब्रेकिंग लागत नाही. बावीस वर्षांची वही ही नेहमीच्या सत्रात, शांतपणे मांडायची गोष्ट आहे. पण त्याआधी काही कामं करावी लागतील. पहिलं काम नैतिक समितीचं. जुन्या नोंदी वापरायच्या तरी परवानगी लागते, आणि स्वतंत्र दवाखान्याची समिती नसते, म्हणून जवळच्या मेडिकल कॉलेजच्या नोंदणीकृत समितीकडे अर्ज करावा लागेल. तिथल्या कम्युनिटी मेडिसिन विभागातला एखादा शिक्षक सहलेखक म्हणून घ्या, पण त्याने खरंच काम केलं तरच त्याचं नाव घाला. रुग्णांची नावं बाजूला काढून प्रत्येकाला क्रमांक द्या. मग एकच प्रश्न निवडा. ‘विंचू व साप : बावीस वर्षांचा अनुभव’ असा मथळा नको. मी तुमच्या जागी असते तर हे शोधलं असतं: दंश झाल्यापासून तुमच्या दारात येईपर्यंत किती वेळ गेला, आणि बावीस वर्षांत तो कमी झाला का? रस्ते झाले, मोटारसायकली आल्या, १०८ आली. वेळ कमी झाला नसेल तर का नाही? केंद्र सरकारचा सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा मार्च २०२४ मध्ये आला, त्यात २०३० पर्यंत मृत्यू निम्मे करायचं म्हटलं आहे. मधला हा वेळ कुठे जातो ते तालुक्यातल्या डॉक्टरच्या वहीतच सापडेल.

आणखी एक. रक्त गोठतं का ते बघायला काचेच्या नळीत ते वीस मिनिटं न हलवता ठेवायची चाचणी तुम्ही करत होता असं लिहिलं आहे. नळी नवी कोरडी काचेची होती की धुतलेली, हे लिहून ठेवलंय का? धुण्याच्या साबणाचा अंश राहिला तरी रक्त गोठत नाही आणि निकाल फसवा येतो. ज्या वर्षांत धुतलेल्या नळ्या वापरल्या ती वर्षं वेगळी धरा आणि गोषवाऱ्यात तसं सांगा. परीक्षकाचा विश्वास अशा वाक्यांनी बसतो.

परदेशी परिषद निघालीच तर आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, काही संशोधकांना प्रवासासाठी अर्थसाहाय्य देते, आणि कमी व मध्यम उत्पन्नाच्या देशांतल्या डॉक्टरांना अनेक परिषदा शुल्कात सवलत देतात. पण ते पुढचं. मी शनिवारी दुपारी घरीच असते, विश्रामबागेत. पत्ता संपादकांकडून घ्या. वह्या सगळ्या आणा, आणि मूळ वह्याच आणा, झेरॉक्स नको. शाई कुठे बदलली, खाडाखोड कुठे झाली, तेही मला बघायचं आहे.